पाळण्यांतला खुबा आणि कायद्याची मुदत



१९९६ सालीं माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगी होती. कवायतीचा तास आला कीं ती आपण होऊन बाजूला, निंबाच्या पारावर जाऊन बसे. चालतांना तिचा डावा खांदा दर पावलागणिक खालीं जाई. मुलें तिच्या चालीची नक्कल करीत. मीं त्यांना शिक्षाही केली, पण नक्कल कांहीं थांबली नाहीं. एका संध्याकाळीं तिचे वडील अर्ज लिहून घेण्यासाठीं माझ्याकडे आले. माझें अक्षर बरें, एवढाच माझा अधिकार.

हकीकत अशी. मुलगी पायाळू जन्मली. प्रसूतिगृहांत कोणीं तिच्या मांड्या उलगडून पाहिल्याचें आईला आठवत नव्हतें. चालूं लागली ती झुलतच; तेव्हां एका डॉक्टरांनीं 'अंगांत ताकद आली कीं सुधारेल' असें सांगितलें. तिसऱ्या वर्षीं दुसऱ्या डॉक्टरांनीं क्ष-किरणांचें चित्र काढलें आणि डावा खुबा उखळींत नाहींच असें निघालें. दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाय तोकडाच राहिला. "मास्तर, यांत चूक कोणाची?" हा वडिलांचा प्रश्न. मीं अर्ज लिहून दिला. वकिलांनीं तो वाचून परत केला. तो कां परत आला, हें मला उमगावयाला बराच काळ लागला.

शाळेच्या पुस्तकांत आपण ज्याला उखळीचा सांधा म्हणतों, तो हा खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडांतील वाटींत बसतो. तान्ह्या मुलाची ही वाटी बहुतांशीं कूर्चेची, मऊ असते आणि माथा तिच्यांत बसून राहिला तरच ती खोल होत जाते. कांहीं मुलांची वाटी उथळ राहते; हजारीं एकदोघांचा माथा तर वाटीबाहेरच असतो. मुलींत हें अधिक, डाव्या बाजूस अधिक, पोटांत पायाळू राहिलेल्यांत अधिक, आणि आईबापांस किंवा भावंडास हाच दोष असेल तरीही अधिक. आपल्याकडे पाठींत उसण भरली म्हणजे पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावयाला लोक लांबून येतात. त्या पायाळूचा स्वतःचा खुबा मात्र कोणी पाहत नाहीं!

आतां पहिली गोष्ट ही, कीं असें मूल जन्मलें यांत कोणाचाही अपराध नाहीं. दावा लागतो तो दोष असल्याबद्दल नव्हे. तो न पाहिल्याबद्दल, किंवा पाहून भलतेंच केल्याबद्दल. पाहण्याची रीत तर फार सोपी आहे. इटलींतील फेर्रारा येथील बालरोगतज्ज्ञ ओर्तोलानी यांनीं ती १९३७ सालीं वर्णिली. मुलाचे गुडघे दुमडून मांड्या हळूच बाहेर फांकल्या कीं निसटलेला माथा वाटींत परततो आणि कुलपांत किल्ली फिरावी तसा झटका हाताला जाणवतो. उलट, आंत असलेला माथा बाहेर सरकतो कीं काय, हें पाहण्याची युक्ति इंग्लंडमधील बार्लो यांनीं १९६२ मध्यें प्रसिद्ध केली. ऑस्ट्रियाचे ग्राफ यांनीं १९८० पासून तान्ह्या खुब्याची सोनोग्राफी रूढ केली. हें महत्त्वाचें, कारण माथ्याचें हाड चारसहा महिन्यांपूर्वीं क्ष-किरणांत दिसतच नाहीं.

लवकर कळलें तर उपायही सौम्य आहे. पाव्लिक नांवाच्या चेक वैद्यांनीं पट्ट्यांचा एक साज काढला, घोड्याला असतो तसा; तो घातला कीं मुलाचे पाय दुमडलेले व फांकलेले राहतात, मूल पाय हालवीत खेळतें आणि वाटी आपोआप खोल होते. सहा महिन्यांच्या आंत बहुतेकांचें एवढ्यावर भागतें. त्यानंतर भूल देऊन सांधा बसविणें व कमरेपासून प्लास्टर. दीड वर्ष उलटल्यावर बहुधा शस्त्र, आणि पुष्कळदां हाड कापणें. पट्ट्यांच्या साजापासून करवतीपर्यंतचें हें अंतर केवळ महिन्यांचें आहे, आणि न्यायालयांत नुकसानभरपाई मागतात ती याच अंतराची.

परंतु डॉक्टरांची बाजूही ऐकिली पाहिजे. कांहीं खुबे जन्मतां चांगले असतात व पुढें निसटतात. म्हणून तर या विकाराच्या नांवांतून 'जन्मजात' हा शब्द काढून आतां 'विकासांतील दोष' असें म्हणतात. नीट तपासूनही कांहीं हातून सुटतात. तेव्हां दोष पुढें सांपडला, एवढ्यावरून पहिला डॉक्टर हयगयी ठरत नाहीं. मांड्या बळेंच फार फांकून बांधल्या तर माथ्याचा रक्तपुरवठा तुटतो व हाड झिजतें, ही उपचारांतली हयगय होऊं शकते. पण रीतसर उपचारांतही क्वचित् तसें घडतें. शिवाय आपण घरीं मुलाचे पाय सरळ ताणून दुपट्यांत घट्ट बांधतों, तेंही खुब्याला घातक आहे. जपानांत १९७० नंतरच्या दशकांत ही रीत सोडविली तेव्हां हा विकार पुष्कळ उतरला. मूल कडेवर घेण्याची आपली रीत त्या मानानें चांगली. पण बांधलेल्या दुपट्याकडे प्रतिपक्षाचा वकील बोट दाखवील, हें ध्यानांत असावें.

मग कायदा काय पाहतो? १९५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विशीच्या तरुणाची मांडी मोडली. पुण्याच्या एका रुग्णालयांत भूल न देतां पाय ओढून हाड बसविण्याचा यत्न झाला आणि तो दगावला. पित्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ मध्यें तीन हजार रुपयांची भरपाई कायम झाली. रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्हींत वाजवी काळजी घेणें हें डॉक्टरचें कर्तव्य, असें त्या निकालांत सांगितलें आहे. अचाट कौशल्याची अपेक्षा नाहीं. त्याच्या जागीं सामान्य कुशल डॉक्टरानें जें केलें असतें तें त्यानें केलें काय, एवढेंच पाहतात.

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा वैद्यकीय सेवेला लागू आहे, असा निर्णय १९९५ सालीं झाला. जेथें सर्वांवरच फुकट उपचार होतात ती संस्था तेवढी त्यांतून सुटते. १९९८ च्या एका निकालांत चुकीच्या इंजेक्शननें पंगु झालेल्या बालकाला साडेबारा लाख आणि आईबापांना त्यांच्या मनस्तापाबद्दल निराळे पांच लाख मिळाले. म्हणजे मूल व आईबाप दोघेही ग्राहक. फौजदारीची घाई मात्र करूं नये. २००५ च्या निकालाप्रमाणें तिला घोर हयगय लागते. सध्यां २०१९ चा कायदा चालू आहे, आणि उपचाराला दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगांत शुल्कही पडत नाहीं.

खरी अडचण मुदतीची. ग्राहक आयोगांत ती दोन वर्षांची आहे; विलंब माफ होतो, पण कारण पटलें तर. खुबा तर पहिलें वर्षभर कांहीं बोलतच नाहीं. मग दोन वर्षें मोजावयाचीं कोठून? गोव्याच्या एका परिचारिकेच्या पोटांत १९९३ च्या शस्त्रक्रियेंत राहिलेली जाळीची पट्टी २००२ मध्यें सांपडली. इजा लपलेली असेल तर ती कळल्यापासून मुदत मोजावी, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें २०१० मध्यें विचारांत घेतलें. पण तुम्ही स्वतः परिचारिका, नऊ वर्षें दुखत असतांना शोध कां केला नाहीं, असें विचारून तिची तक्रार मुदतबाह्यच ठरविली. मला हा निकाल कठोर वाटतो. तथापि मूल लंगडतें हें दिसूनही 'सुधारेल' म्हणून बसून राहणाऱ्या आईबापांना तो ठाऊक असावा. दिवाणी दाव्यांत १९६३ चा मुदतीचा कायदा अज्ञान मुलाला सज्ञान होईपर्यंत थांबूं देतो, आणि त्यापुढें फार तर तीन वर्षें. आईबापांनीं मात्र त्या भरंवशावर राहूं नये, कारण अठरा वर्षें कागद कोण ठेवतो?

आमचा अर्ज परत आला तो येथेंच. वकिलांनीं विचारलें, "जन्मल्यावर तपासणी झाली कीं नाहीं, याचें टिपण कोठें आहे? 'सुधारेल' हें कोणत्या कागदावर आहे?" घरीं पैसे भरल्याची एक पावती तेवढी निघाली. प्रसूतिगृहानें जुनीं बाडें कधींच मोडीत काढलीं होतीं. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनीं दाखल रोग्याचे कागद उपचारारंभापासून तीन वर्षें ठेवणें आणि मागितल्यास ७२ तासांत देणें डॉक्टरांवर बंधनकारक केलें आहे. तीन वर्षें म्हणजे मूल लंगडतांना दिसून मोठ्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत जवळजवळ सरलेलींच! म्हणून प्रसूतिगृहांतून निघतांनाच मुलाच्या तपासणीचा कागद मागून घ्यावा आणि खुब्यांबद्दल काय लिहिलें आहे तें वाचावें. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादींत हा विकार नांवानिशीं आहे. तेव्हां 'असें पाहण्याची आमच्याकडे चाल नाहीं' हें उत्तर माझ्या मतें आतां टिकूं नये.

ती मुलगी पुढें शिकली, नोकरीला लागली. लांब चालल्यावर कंबर दुखते म्हणते. तिला मुलगी झाली तेव्हां आईच्याच दोषाचें कारण सांगून तिनें सहाव्या आठवड्यांत बाळाची सोनोग्राफी करवून घेतली. दोन्ही खुबे ठीक निघाले. कागदावर तारीख नव्हती. ती घालून घेण्यासाठीं ती दुसऱ्या दिवशीं पुनः गेली.