संगणकातला हेर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण आपल्या बचत गटाचा हिशेब मी घरच्या संगणकावर ठेवते, आणि त्याच संगणकात एक हेर शिरला होता. तो कसा शिरला व कसा गेला, तेवढेच सांगते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची निमंत्रणे करावयाची होती. सुंदर मराठी अक्षरे फुकट मिळतात असे पाहून मी इंटरनेटवरील एका अनोळखी ठिकाणाहून प्रोग्रॅम उतरवून घेतला. अक्षरे आली, आणि त्यांच्या आडून स्पायवेअरही आले. स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्रॅम. आपण टाइप केलेली अक्षरे, पासवर्डसुद्धा, तो टिपतो व गुपचूप परक्याकडे पाठवितो.

संगणक रेंगाळू लागला, नको त्या जाहिराती उघडू लागल्या. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात असताना मोबाईलवर बँकेचा ओटीपी आला. मी तर मागितला नव्हता! म्हणजे पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला होता. ओटीपी मी कोणाला सांगितला नाही, म्हणून पैसे वाचले.

पण हे रागावतील, "कशाला हात लावलास?" म्हणतील, या भीतीने मी आठ दिवस गप्प बसले. माझी खरी चूक हीच. त्या संगणकात गटातल्या अकरा जणींच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या. माझ्या लाजेपायी त्यांची दारे आठ दिवस उघडी राहिली.

शेवटी वाशीमला शिकणाऱ्या भाच्याला बोलाविले. त्याने आल्याबरोबर आधी इंटरनेटची वायर काढली, म्हणजे हेराची वाट बंद. मग बँकेला कळवून, माझ्या मोबाईलवरून बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलले. ते त्याच संगणकावर बदलले असते, तर नवेही चोराला कळले असते.

त्यानंतर सेटिंग्जमधील प्रोग्रॅमांची यादी पाहून तो अक्षरांचा प्रोग्रॅम काढला. ब्राउझरला चिकटलेल्या अनोळखी जोडण्याही काढल्या. पण आपल्या शेतातले गाजरगवत वरवर कापून मरते का? ते मुळासकटच उपटावे लागते. म्हणून विंडोजमधील मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी लावली. तीत संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्याआधीच झडती होते. सुमारे १५ मिनिटे लागली. नंतर पूर्ण तपासणी केली. एवढ्यानेही संशय उरला, तर कामाची कागदपत्रे बाजूला काढून विंडोज नव्याने घालावे, असे भाच्याने सांगितले.

भारत सरकारनेही २०१७ साली 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले, तेथे अशा तपासणीची साधने फुकट मिळतात. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

संगणक स्वच्छ झाला, पण माझे मन झाले नव्हते. मी अकराही जणींच्या घरी जाऊन खरे ते सांगितले. कोणी रागावल्या, ते योग्यच होते. मग आम्ही बसून एकेकीच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक केले. आता त्या प्रती मी संगणकात ठेवीत नाही.

आपण म्हणाल, हे शिकलेल्यांचे काम. पण पुण्याचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत होते. पुढे त्यांनी व त्यांचे बंधू संजय यांनी उभी केलेली 'क्विक हील' ही व्हायरस काढणारी कंपनी देशभर नावारूपास आली. आपल्याला कंपनी काढायची नाही, घर राखायचे आहे. ते तर आपण रोजच करतो.

तेव्हा भगिनींनो, फुकटाच्या मोहाने अनोळखी वस्तू उतरवू नका. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी घरात सांगा. घरच्यांनीही आधी ऐकून घ्यावे, मागाहून रागवावे. लपविलेली चूक हेच चोराचे मोठे बळ.