वादविवादाचा शिक्षक



अहिल्यानगर जिल्ह्यातली नगर, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या वादविवाद संघात जाणारी मुले अशाच महाविद्यालयांत तयार होतात. त्यांना तयार करणाऱ्याला मात्र स्वतंत्र पद नसते. मराठीचे किंवा राज्यशास्त्राचे एखादे सर, एखाद्या मॅडम तास संपल्यावर रिकाम्या वर्गात थांबतात आणि मुलांना उभे करतात. बढतीच्या अर्जात त्याची एखादी ओळ होते, वेळापत्रकात तासिका सहसा नसते. ती असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. वक्तृत्व स्पर्धेत वक्ता एकटा बोलतो. वादविवादात एकाच महाविद्यालयाचे दोघे येतात, एक विषयाच्या बाजूने, दुसरा विरोधात. म्हणजे शिक्षकाला दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने उभ्या कराव्या लागतात. याला वेळ लागतो. वेळ नसला की भाषण लिहून दिले जाते, मुले ते पाठ करतात आणि पहिल्याच प्रतिप्रश्नाला अडखळतात. दोष त्या मुलांचा नसतो.

दोन्ही बाजूंनी बोलायला शिकवले तर मुले नुसती वाक्पटू होतील, निष्ठा उरणार नाही, असा आक्षेप घेतात. तो गंभीर आहे. पण आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आधी मांडण्याची शिस्त होती. याच जिल्ह्यातल्या नेवाशात 1290 साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभ अर्जुनाच्या हरकतीने होतो: ज्ञान श्रेष्ठ, तर मला या घोर कर्मात का लोटतोस? ती हरकत पूर्ण ऐकून घेतली जाते, मगच उत्तर येते. दुसरा दाखला अमेरिकेचा. टेक्सासमधल्या वायली या छोट्या कृष्णवर्णीय महाविद्यालयात मेल्विन टॉल्सन हे कवी इंग्रजी शिकवत आणि वादविवाद संघही घडवत. 1935 मध्ये त्यांच्या संघाने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नामवंत संघावर मात केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जेम्स फार्मर 1942 मध्ये वर्णसमतेसाठी लढणाऱ्या ‘कोअर’ या संघटनेचे एक संस्थापक झाले. प्रतिपक्ष समजून घेतल्याने त्यांची निष्ठा सैल झाली नाही.

हौसेने चालते ते चालू द्यावे, असेही म्हणतात. पण हौस एका माणसाची असते. त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला की संघ मोडतो. प्राचार्यांना माझी विनंती आहे, येत्या वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्याच्या दोन तासिका वादविवादासाठी ठेवा आणि त्या शिक्षकाच्या कार्यभारात धरा.