भूमीचें अखंड स्पंदन

ज्या भूमीला प्राचीनांनीं 'अचला' असें नांव दिलें, ती वस्तुतः क्षणभरहि अचल नसते. सागराच्या लाटा समुद्रतळावर दाब पाडतात, वारा वृक्षांना हालवितो, रस्त्यांवरून गाड्या धांवतात. आणि या सर्वांचीं सूक्ष्म कंपनें जमिनींतून अहोरात्र वाहत असतात. तीं मनुष्याला जाणवत नाहींत. भूकंपमापक यंत्राला मात्र जाणवतात. भूकंपाची नोंद बिघडविणारा व्यत्यय, एवढेंच स्थान त्यांना दीर्घ काळ होतें. आज तींच कंपनें भूगर्भाच्या शोधांत वाटाड्या ठरलीं आहेत.

त्यांचें महत्त्व मेक्सिको शहराच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल. १९ सप्टेंबर १९८५ रोजीं पॅसिफिक किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. हें शहर तेथून साडेतीनशें किलोमीटर दूर. तरी तेथें सहस्रावधि माणसें मृत्युमुखीं पडलीं. खडकाळ भागांतील घरें बहुतांशीं सुरक्षित राहिलीं; जुन्या टेक्स्कोको सरोवराच्या बुजलेल्या पात्रावरील मध्यम उंचीच्या अनेक इमारती मात्र कोसळल्या. त्या पात्रांतील मऊ चिकणमाती बऱ्याच भागांत सुमारें दोन सेकंदांच्या कालानें झुलते. ज्या इमारतींचा झुलण्याचा काल त्याच्या जवळपास होता, त्यांचें आंदोलन वाढतच गेलें. योग्य क्षणीं दिलेल्या हलक्या झोक्यानेंहि पाळणा उंच जातो, तसेंच हें झालें.

हा काल भूकंपापूर्वींच कसा कळावा? १९८९ सालीं जपानचे रेल्वे-संशोधक युताका नाकामुरा यांनीं एक सुलभ रीत मांडली. यंत्र जमिनीवर ठेवून आडव्या व उभ्या कंपनांची तुलना करावयाची. ज्या कालाचें आडवें कंपन उभ्याच्या मानानें सर्वांत प्रबळ, तो बहुधा वरच्या मऊ थराचा स्वाभाविक काल होय. थरांतील आडव्या कंपनाचा वेग ठाऊक असल्यास त्याची जाडीहि अजमावतां येते. वेग सेकंदाला ८० मीटर व काल २ सेकंद असेल, तर दोहोंच्या गुणाकाराचा चतुर्थांश, म्हणजे ४० मीटर, ही जाडी. याकरितां सुरुंग लावावा लागत नाहीं. भरवस्तींत थोडा वेळ यंत्र ठेवलें कीं पुरे.

भूकंप केव्हां होईल, हें ही रीत सांगत नाहीं. आणि प्रबळ धक्क्यांत मऊ माती थोडी निराळीहि वागते. परंतु कोणत्या भूमीवर किती मजले चढवावे, याचा विचार पाया खणण्यापूर्वीं करण्यास ती साह्य करते. भूमि आपला स्वभाव रोजच प्रकट करीत असते. घर बांधणाऱ्यानें तो आधीं जाणून घ्यावा, एवढेंच.