डोरोथीचं काय केलंत?

(मंडळाच्या उत्सवातील वाचक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'आवडलेलं पुस्तक' या विषयावर बोलायला मला बोलावलं आहे, आणि मी न आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे. कार्यकारिणीने सांभाळून घ्यावं.

माझी नात दहावीत आहे. तिने मोठ्या प्रेमाने मला एक कादंबरी दिली. डॅनिएल पेज या लेखिकेची, २०१४ सालची 'डोरोथी मस्ट डाय'. "आजी, तुझी डोरोथी आहे यात," म्हणाली.

माझी डोरोथी म्हणजे एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ'मधली. कॅन्ससच्या उजाड माळावरची पोर. वावटळ तिला घरासकट उचलून ओझ देशात टाकते. मेंदू हवा असलेलं बुजगावणं, हृदय हवं असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह तिला भेटतात. माझ्या लेकीला ही गोष्ट मी रोज रात्री थोडी थोडी मराठीतून सांगायचे, पदरची भर घालून.

नव्या पुस्तकात डोरोथी ओझला परतली आहे आणि जुलमी राज्यकर्ती झाली आहे. लाकूडतोड्या तिचा सेनापती, बुजगावणं जिवंत प्राण्यांवर प्रयोग करतं, सिंह दुसऱ्यांच्या भीतीवर पोसला जातो. कॅन्ससचीच आजची एक मुलगी, एमी, वादळातून तिथे येते आणि तिच्यावर काम सोपवलं जातं ते डोरोथीला मारायचं.

सुरुवात चांगली आहे, हे कबूल करते. एमीची आई गोळ्यांच्या व्यसनात बुडालेली, ते घर खरं वाटतं. पुढे काही उडणारी माकडं गुलामीतून सुटायला आपले पंख कापून घेतात. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

मग माझी तक्रार काय? काळोखाला माझी हरकत नाही. दुःख आणि दुःस्वप्नं वगळून परीकथा लिहायची असं बॉमनी प्रस्तावनेत ठरवलं होतं खरं, पण त्यांना कुठे जमलं! त्यांचा लाकूडतोड्या चाळीस लांडग्यांची मुंडकी उडवतो. मुळात तो हाडामांसाचा माणूस. मंतरलेल्या कुऱ्हाडीने एकेक अवयव तुटत गेला आणि तिथे पत्रा बसत गेला. आणि एम काकू? त्या माळावर राहून हसणंच विसरलेली, अनाथ डोरोथी खळखळून हसली की दचकून छातीवर हात ठेवणारी. मोजक्या ओळींत केवढा अंधार आहे!

पेजबाईंच्या पुस्तकात रक्त पुष्कळ सांडतं. पण सगळं नवल सोडून त्या करड्या घरीच जायचा हट्ट धरणारी मुलगी अशी का झाली? जादूची चटक लागली, एवढंच उत्तर. चारशेहून अधिक पानं वाचली, तरी डोरोथी शेवटी जिवंतच. कारण पुढचे भाग खपवायचे आहेत. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये कुणाचीच गय केली नाही, पण ज्या पात्राला धारेवर धरलं ते आधी पुरतं समजून घेतलं.

खरं तर धागा बॉमनीच ठेवला होता. १९१० सालच्या 'द एमराल्ड सिटी ऑफ ओझ'मध्ये काका-काकूंचं शेत कर्जापायी जायची वेळ येते, तेव्हा डोरोथी दोघांना कायमचं ओझला घेऊन येते. ती दोघं साधीभोळी माणसं राजवाड्यात अगदी बावचळून जातात. परक्या मुलखात घर मांडणं म्हणजे काय, हे होळकरांच्या काळात इंदुरात आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांना मी काय सांगायचं? एखाद्या मुलीचं अशा वेळी काय होतं, हे लिहायला किती जागा होती!

हे सगळं मी नातीला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, एमीच्या घरासारखं घर माझ्या एका मैत्रिणीचं आहे. तिला तुझं पुस्तक देऊन काय होणार?"

मला उत्तर सुचलं नाही. एम काकूचा तो परिच्छेद तेवढा वाचून दाखवला. "हे तू आईला सांगायचीस?" तिने विचारलं. नाही, तो मी गाळत असे.

पेजबाईंचा दुसरा भाग तिने आणला आहे, तो मी वाचणार आहे. १९१०चं पुस्तक तिच्या टेबलावर ठेवून आले. परवा पाहिलं, तर त्यावर गणिताची वही होती.