मॉरिशसच्या दप्तरात कोकणातलं गाव

मॉरिशसमधली मराठी माणसं पूर्वजांचं गाव शोधत कोकणात येतात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्या हाती एवढंच असतं: जिल्हा रत्नागिरी. तिथून पुढचा माग कसा काढायचा, ते आज सांगतो.

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ हे जहाज 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढे उसाच्या मळ्यांसाठी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जवळजवळ पाच लाख माणसं करारावर तिथं गेली. त्यांचं दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेलं आहे.

शोध नावापासून सुरू करू नका. कारकुनानं नाव कानाला लागेल तसं रोमन लिपीत उतरवलं, आणि आडनाव बहुधा लिहिलंच नाही. खरा धागा नंबराचा. उतरलेल्या प्रत्येकाला, बायकांनाही, स्वतंत्र नंबर मिळे. तो मजुराच्या तिकिटावर असे. मुलाच्या जन्मनोंदीत, लग्नाच्या दाखल्यातही तो सापडतो. म्हणून घरातल्या जुन्यात जुन्या दाखल्यापासून एकेक पिढी मागे जायचं.

नंबर हाती आला की रजिस्टरमधली ओळ उघडते: जहाज, तारीख, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव. शिवाय अंगावरची खूण. कुणाच्या कपाळावर व्रण, कुणाच्या हातावर गोंदण. 1860 च्या दशकापासून फोटोही मिळू लागतात. मजुरावर पाळत राहावी म्हणून सरकारनं हे सगळं टिपलं. त्या माणसांपैकी बहुतेकांनी स्वतः अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे पणतवंडांना त्यांचा चेहरा दिसतो तो याच कागदांत, आणि मला हे दप्तर म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

गावाचं नाव वाचताना ते मोठ्यानं उच्चारून पाहा. शिवाय आजच्या नकाशावर विसंबू नका. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला. त्यामुळे रजिस्टरमधली रत्नागिरी म्हणजे मालवण, देवगड किंवा वेंगुर्लेही असू शकतं. तिकडच्या गावांची नावंही ताडून पाहायला हवीत.

कोकणातल्या श्रोत्यांना एक विनंती. असा कागद घेऊन कुणी तुमच्या दारी आलं, तर ‘असं गाव इथं नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. वाड्यांची जुनी नावं ज्यांना ठाऊक आहेत, अशा वडीलधाऱ्यांकडे त्यांना घेऊन जा.