नोकरी, घरची सेवा आणि मुलीची शाळा
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला दोन्हीकडून हाका येतात. एकीकडे मुलांची फी, दुसरीकडे अब्बांची औषधे. हिमायतनगरहून आजाऱ्याला नांदेडजवळ विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात न्यायचे म्हणजे सारा दिवस मोडतो. नोकरदाराची रजा जाते, मजुराची मजुरी बुडते.

कायदा थोडा आधार देतो. राज्य शासनाने 2018 साली महिला कर्मचाऱ्यांना, तसेच पत्नी हयात नसलेल्या कर्मचाऱ्यांना, 18 वर्षांखालील मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवेत 180 दिवसांची रजा दिली. 2007 च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवर टाकली. परंतु कायदा पैसे देववील. आजाऱ्याची कूस बदलायला हात लागतो. तो हात कोणाचा?

केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दररोज सरासरी 299 मिनिटे गेली, पुरुषांची 97. आई कामावर गेली की हा भार थोरल्या मुलीवर येतो. दादी आजारी पडली की दहावीतली मुलगी घरी बसते आणि तिचा भाऊ शिकवणीला जातो.

सेवा हे बायकांचेच काम, असे कोणी म्हणाले तर त्याला हजरत उस्मान यांची आठवण द्यावी. इ.स. 624 मध्ये बद्रच्या लढाईच्या वेळी त्यांच्या पत्नी हजरत रुकय्या आजारी होत्या. पैगंबरसाहेबांनी त्यांना शुश्रूषेसाठी मदिनेत थांबविले आणि लढणाऱ्यांबरोबरीचा वाटाही दिला. आजाऱ्याच्या उशाशी बसणे रणांगणाच्या तोलाचे मानले गेले, ते असे.

म्हणून भावंडांनी एकत्र बसून सेवेचे वार वाटून घ्यावेत. परगावी असलेल्या भावाने पैसा पाठवावाच, शिवाय सुट्टीत येऊन स्वतः सेवा करावी. मुलांनी पाणी भरणे, औषध देणे शिकावे. घरातल्या बाईने नोकरी सोडावी असे म्हणण्यापूर्वी हिशेब करावा. पगार बंद झाला की औषध आणि फी दोन्ही अडतात. आणि परीक्षेच्या दिवसांत मुलीच्या हातातले काम भावाने घ्यावे.

आजाऱ्याची दुवा साऱ्या घराला मिळते. तर कष्टही साऱ्या घराने वाटून घ्यावेत.