स्पाइक गार्ड होता, तरी टीव्ही गेला कसा?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासदांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

आयुष्य विजेच्या कामात गेलं म्हणून कमिटीने हा विषय माझ्या गळ्यात घातला. खरं कारण तुम्हाला माहीतच आहे. गणपतीच्या दुसऱ्या संध्याकाळी बी विंगमध्ये जे झालं, त्यानंतर कितीतरी जणांनी मला जिन्यात थांबवून एकच विचारलं, "अहो, आमच्याकडे स्पाइक गार्ड होता, तरी टीव्ही गेला कसा?"

आधी या गार्डच्या पोटात काय असतं ते बघू. एमओव्ही नावाची एक छोटी चकती असते. नेहमीच्या २३० व्होल्टला ती गप्प बसते. दाब एकदम उसळला, की ती वाट मोकळी करून देते आणि उसळीचा बराचसा भाग न्यूट्रलकडे किंवा अर्थकडे वळवते. पंप किंवा लिफ्टची मोटर चालू-बंद होते, गेलेली वीज परत येते, लांब कुठे वीज पडते, तेव्हा अशा उसळ्या येतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाच्या. त्यांच्यासाठी गार्ड उपयोगी आहे. माझ्या कॉम्प्युटरलाही आहे.

पण प्रत्येक मोठ्या उसळीगणिक ती चकती थोडी झिजते. पुढे कधीतरी ती संपते आणि बोर्ड नुसता एक्स्टेंशन बोर्ड उरतो. बटणातला लाल दिवा मात्र पेटतच राहतो, कारण तो फक्त वीज आहे एवढंच सांगतो. चकती शाबूत आहे हे दाखवणारा वेगळा दिवा काही चांगल्या बोर्डांना असतो. विकत घेताना तो बघा. स्वस्तातल्या कित्येक बोर्डांत चकतीच नसते. बाजूचं दाबायचं काळं बटण असतं ना, ते जादा लोडसाठी. उसळीशी त्याचा संबंध नाही. आणि घराचं अर्थिंगच धड नसेल, तर अर्थकडे वळवायचं ते कुठे वळवणार?

आता बी विंग. आपल्या इमारतीत थ्री फेज येते आणि प्रत्येक घराला त्यातली एक फेज आणि न्यूट्रल मिळते. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. त्या संध्याकाळी मीटर रूममधला न्यूट्रलचा मुख्य जोड सुटला. बरीच वर्षं सैल होता, तापत होता; रोषणाईचा लोड आला आणि त्याने मान टाकली. न्यूट्रल गेली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी माळेसारखी जोडली जातात. ज्या फेजवर गिझर, एसी चालू, तिथले दिवे मंद झाले. ज्या फेजवर लोड कमी, तिथे दिवे भगभगले आणि तीनशेच्या पुढे व्होल्टेज गेलं. तेही क्षणभर नाही, कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत. चकती क्षणभराच्या उसळीसाठी असते. इतका वेळ जादा दाब राहिला, तर तीच तापून जळते. एका घरात टीव्हीमागचा पडदा करपला, तो त्यामुळेच.

इथे एक सांगायलाच हवं. मीटर रूमचे जोड तपासून घट्ट करण्याचं कोटेशन आलं, तेव्हा सचिव मीच होतो. "पुढील वर्षी विचार करावा" हे इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे. त्या वर्षी आपण गेटला रंग दिला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर ठीक होतं. मला कळायला हवं होतं.

असल्या बिघाडावर घराच्या डीबीमध्ये बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो सगळ्या घराची वीज तोडतो. (आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती शॉकपासून वाचवते, हे तिचं काम नाही.) मोठ्या उसळ्यांसाठी मीटर रूमच्या पॅनेलवर एसपीडी हवा. जोडांची तपासणी दर वर्षी, पावसाळ्याआधी. अर्थिंगचे खड्डे तर आपण विसरूनच गेलोय. ए विंगचा खड्डा कुंड्यांखाली सापडला! उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला हवं.

ढग गडगडायला लागले की मात्र साधा उपाय: प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. टीव्हीची केबलची वायरही काढा, उसळी तिथूनही येते. आणि वीज जाऊन आली की फ्रिज, एसी पाच मिनिटं थांबून लावा.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी आणि आपला इलेक्ट्रिशियन बी विंगपासून सुरुवात करतोय. प्रत्येक घरातल्या एका सॉकेटचं अर्थिंग मीटर लावून बघू. जुने स्पाइक गार्डही बाहेर काढून ठेवा. किती वर्षांचे आहेत ते विचारणार आहे.